आपण फक्त चाखणार आहोत

क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे लहान मद्यशाळांत कसबाने बनवलेल्या बिअरच्या, महोत्सवाला मित्रांसोबत गाडीने जाण्याचा बेत आपल्या मनात घोळू लागला असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. दोन दिवसांची सुट्टी घरी लोळून काढण्याचा मोह ज्याला आवरतो आणि त्याऐवजी पाच माणसे, चार बॅगा व बर्फाची एक पेटी एकाच गाडीत कोंबून, कित्येक तासांच्या अंतरावरच्या उघड्या मैदानात रांगेत उभे राहण्यासाठी ज्याला जावेसे वाटते, तो माणूस सामान्य नव्हे. अशा माणसाला सल्ल्याची गरज नसते. मात्र तो कुणाचे ऐकतही नसल्यामुळे, सल्ला देणाऱ्याच्या डोक्यावर कसलीच जबाबदारी येत नाही, आणि म्हणूनच मी हे लिहायला धजावलो आहे.

पहिली गोष्ट अशी की, आपण पिण्यासाठी चाललो आहोत असे चुकूनही म्हणू नये. पितो तो बेवडा, चाखतो तो रसिक. ‘आम्ही फक्त चाखणार आहोत’ हे वाक्य निघण्यापूर्वी चार दिवस आरशासमोर उभे राहून म्हणून पाहावे, म्हणजे घरच्यांसमोर ऐन वेळी हसू फुटत नाही. या वाक्याला गणिताचा पाठिंबा नाही, ही त्यातली एक किरकोळ अडचण. चाखण्याचा पेला 100 मिलिलिटरचा धरला आणि त्यात 8 टक्के मद्यार्काची बिअर असली, तर असे दहा पेले म्हणजे एक लिटर बिअर होते आणि तिच्यात 80 मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे 63 ग्रॅम, निव्वळ मद्यार्क असतो. साधारण माणसाचे यकृत तासाला 7 ते 10 ग्रॅम अशा आपल्या ठरलेल्या चालीने तो निकालात काढते, आणि काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ किंवा मित्राने पाठीत घातलेली थाप यांपैकी कशानेही ती चाल बदलत नाही. एका दुपारच्या चाखण्याची फाईल बंद व्हायला अशा रीतीने सहा ते नऊ तास लागतात. रसिकाने असल्या हिशेबात पडू नये. पेला लहान आहे एवढेच लक्षात ठेवावे आणि किती झाले ते विसरावे.

गाडी कोण चालवणार, हा विषय ग्रुपवर सर्वांत शेवटी काढावा. आधी तिकिटे काढून घ्यावीत, मुक्कामाची खोली ठरवावी, सर्वांनी एकाच रंगाचे टी-शर्ट घालावेत की नाही यावर मध्यरात्रीपर्यंत वाद घालावा, आणि मग हळूच तो प्रश्न टाकून द्यावा. एरवी ‘शुभ सकाळ’लाही तीन-तीन फुले पाठवणाऱ्या ग्रुपवर त्यानंतर जी शांतता पसरते, ती ध्यानधारणेच्या वर्गातही सापडणार नाही. सर्वांनी संदेश वाचलेला असतो आणि सर्वजण एकाच माणसाची वाट पाहत असतात. हा माणूस ओळखणे अवघड नाही. त्याने केव्हातरी, बेसावध क्षणी, ‘मला तशी बिअर फारशी लागत नाही’ असे म्हटलेले असते, किंवा त्याची औषधे चालू असतात, किंवा त्याच्या गाडीची डिकी इतरांपेक्षा मोठी असते. त्याला ‘आपल्यात तूच एक जबाबदार आहेस’ असे सांगावे. याच जबाबदारपणापायी वर्षभर आपण त्याची टिंगल करत आलो आहोत, हे त्या वेळी आठवू देऊ नये. तो बिचारा विरघळतोच.

तरीही त्याने कुरकुर केली, तर ‘जाताना तू, येताना मी’ हा तोडगा पुढे करावा. दिसायला हा तोडगा अत्यंत न्याय्य आहे. जाताना सगळेच शुद्धीवर असतात, त्यामुळे तेव्हा गाडी कोणीही चालवू शकतो; प्रश्न असतो तो येतानाचा. ‘येताना मी’ म्हणणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्री दोनपर्यंत चाखून झाल्यावर, एका डोळ्याने घड्याळाकडे पाहत ‘मी ठणठणीत आहे’ असे सांगतो, आणि वरच्या हिशेबाने त्याच्या यकृताच्या टेबलावर अजून निम्म्या फायली पडलेल्या असतात. तेव्हा किल्ली पुन्हा जबाबदार माणसाकडे येते, आणि तोडगा सुचवणाऱ्याचे औदार्य मात्र सर्वांच्या लक्षात राहते. यापूर्वीच्या तीन सहलींमध्ये गाडी कोणी चालवली, हे कृपया मला विचारू नये.

गाडी चालवणाऱ्याला महोत्सवात काहीच मिळत नाही, हा गैरसमज आहे. कित्येक ठिकाणी त्याच्यासाठी स्वस्तातले वेगळे तिकीट असते, त्यावर पाणी आणि शीतपेय फुकट मिळते, आणि मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी बांधली जाते. ही पट्टी पाहून प्रत्येक तंबूतला माणूस त्याच्याकडे, गावजेवणात उपास असलेल्या पाहुण्याकडे पाहावे, तसा पाहतो.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मागच्या सीटवर मधला कोण, यावर भांडावे. रस्ता चुकल्यावर सर्वांनी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना बोटे दाखवावीत. निघायला दोन तास उशीर झाला तो आपल्यामुळे नव्हे, असे प्रत्येकाने स्वतंत्रपणे सिद्ध करावे. ‘एवढे तरी उघडूया’ म्हणून वाटेतच बिअरचा डबा फोडण्याची सूचना मागच्या सीटवरून येईल. चालत्या गाडीत दारूचे उघडे भांडे बाळगायला अनेक ठिकाणी कायद्याने मनाई आहे, ही माहिती जबाबदार माणसाने द्यावी आणि इतरांनी ‘झाला सुरू’ म्हणावे.

खरी कसोटी मैदानात पोहोचल्यावर लागते, कारण तिथे बिअरपेक्षा बोलणे महत्त्वाचे असते. पेला हातात आला की लगेच तोंडाला लावणे हे गावंढळपणाचे लक्षण होय. आधी तो उजेडाकडे धरावा, गोल फिरवावा, नाक आत घालावे, डोळे मिटावेत आणि दूरच्या नातेवाइकाची आठवण झाल्यासारखा चेहरा करून ‘संत्र्याची साल’ असे म्हणावे. कोणीही विरोध करत नाही. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले, यांच्या कित्येक जातींना खरोखरच लिंबूवर्गीय फळांचा वास असतो, त्यामुळे आपण बरोबर असण्याची शक्यताही चांगली आहे. मात्र लोण्याचा वास आला तर खुशीत येऊन ‘वा, काय लोण्यासारखी आहे’ असे मोठ्याने म्हणण्याची घाई करू नये. तो वास बहुतेक वेळा डायअॅसिटिल नावाच्या द्रव्याचा असतो आणि बहुतेक प्रकारच्या बिअरमध्ये तो दोष मानला जातो. यीस्टला, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाला, आपले काम पुरते उरकू दिले नाही की तो मागे राहतो. आमच्यातल्या एकाने तंबूतल्या माणसाचा हात हातात घेऊन त्या लोण्याचे कौतुक केले होते, आणि त्या माणसाने ज्या नजरेने आधी पिंपाकडे आणि मग आमच्याकडे पाहिले, ती नजर मला आजही आठवते. शुद्धीवर मी एकटाच असल्यामुळे लक्षात ठेवण्याचे कामही माझ्याकडेच होते.

साधी फिकट लागर बिअर मागू नये. ती कमी तापमानाला सावकाश आंबवून आठवडेच्या आठवडे थंडीत मुरवावी लागते, आणि तिच्यात दोष दडवायला फळ नाही, मसाला नाही, हॉप्सचा भडिमार नाही, त्यामुळे करणाऱ्याची जराशी चूकही जिभेला लगेच कळते. म्हणजे कसब पाहायचे तर तिच्यात पाहावे. पण चारचौघांत ती मागणे म्हणजे संगीताच्या मैफलीत जाऊन नुसता षड्ज ऐकवायला सांगण्यासारखे आहे. आपण काळीकुट्ट, व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली आणि फळ्यावरच्या यादीत सर्वांत लांबलचक नाव असलेली बिअर मागावी.

इतिहासाचे दोन-चार दाखले खिशात असावेत. 1516 साली आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियात निघालेल्या हुकमाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असे बजावले, हे सांगताना आवाज खर्जात न्यावा. त्या यादीत यीस्टचे नाव का नाही, असे कोणी विचारले, तर यीस्ट म्हणजे काय हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, असे सांगून टाकावे. हे उत्तर खरे आहे आणि शिवाय आपल्याला सर्व शतकांची खडानखडा माहिती असल्याचा भास होतो. आयपीएचा, म्हणजे ‘इंडिया पेल एल’ या कडवट बिअरचा, पेला हाती आल्यावर, हिंदुस्थानच्या लांबच्या समुद्रप्रवासात बिअर नासू नये म्हणून ही जात मुद्दाम शोधून काढली गेली, ही गोष्ट सांगणे सक्तीचेच आहे. पोर्टर नावाची काळी बिअरही त्या काळी जहाजांतून हिंदुस्थानात धडधाकट पोहोचत असे, म्हणून या गोष्टीत फारसा दम नाही, हे मैदानातल्या निदान निम्म्या लोकांना माहीत असते. तेही ती तितक्याच भक्तिभावाने सांगतात.

प्रत्येक टोळीत एक वहीवाला असावा. आमच्याकडे आहे. हा गृहस्थ प्रत्येक पेल्यानंतर बाजूला होतो, गुडघ्यावर वही ठेवतो आणि पाचपैकी गुण देतो. पहिली नोंद मी स्वतः वाचली आहे, कारण त्याचा चष्माही सांभाळायला माझ्याकडेच होता: ‘फेस पांढरा व दाट. गंध संत्र्याच्या सालीचा, मागे किंचित गवत. कडवटपणा शेवटपर्यंत रेंगाळतो. 3.75.’ अक्षर असे की शाळेत सुलेखनाचे बक्षीस मिळावे. सातव्या नोंदीत गवत गेले, अकराव्या नोंदीत नुसते ‘छान’ उरले, आणि पंधरावी नोंद ओळ सोडून तिरकी उतरत वहीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. तिथे काय लिहिले होते ते कळले नाही, पण गुण पाच होते आणि पुढे तीन उद्गारचिन्हे. नवव्या पेल्यापासून पुढे प्रत्येक बिअरला पाचच गुण पडले. बिअर बनवणाऱ्यांची कला दुपारी चारनंतर एकाएकी एवढी का बहरते, यावर कोणीतरी संशोधन करायला हवे. थोड्याशा नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढावा, हे कोडे सोडवले ते गिनेसच्या मद्यशाळेत नोकरीला असलेल्या विल्यम गॉसेट याने, आणि 1908 साली त्याने ते ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापले. जगभरचे विद्यार्थी ती टी-चाचणी आजही घोकतात. गॉसेटने नमुने मोजले होते, सगळेच पिऊन टाकले नव्हते, एवढाच काय तो त्याच्यात आणि आमच्या वहीवाल्यात फरक.

घरी नेण्यासाठी बाटल्या आणि डबे भरपूर घ्यावेत, आणि गाडी दिवसभर उन्हात उभी असली तरी ते दुपारीच तिच्यात नेऊन ठेवावेत. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटल्या मागच्या काचेशी, जिथे ऊन थेट पडते तिथे, ओळीने मांडल्यास उत्तम. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की त्यातून गंधकाचे एक संयुग तयार होते, आणि स्कंक नावाचा प्राणी संकटात सापडल्यावर जो फवारा सोडतो, त्याच्याशी या वासाचे जवळचे नाते आहे. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, म्हणून तपकिरी बाटल्या टाळाव्यात. त्यांत गंमत नाही. फळांचा गर घातलेले आंबट बिअरचे डबे मात्र डिकीत, बर्फाच्या पेटीबाहेर ठेवावेत. त्यांत जिवंत यीस्ट आणि फळांची साखर शिल्लक असली, तर उष्णता मिळताच यीस्ट पुन्हा कामाला लागते, वायू साठत जातो, आणि डबा आधी गोल होतो. पुढचे आम्ही परतीच्या रस्त्यावर ऐकले. मागून ‘फट्’ असा आवाज आला, मागच्या सीटवरून कोणीतरी झोपेत ‘चिअर्स’ म्हणाले, आणि पाचच मिनिटांत सारी गाडी रासबेरी आणि ताकाच्या मिश्रणासारख्या वासाने भरून गेली.

परतीच्या प्रवासात थांबे किती घ्यावे लागतील याचा अंदाज बांधत बसू नये. मद्यार्कामुळे शरीरातले पाणी राखून ठेवणारे संप्रेरक कमी स्रवते, त्यामुळे चार रसिक चार वेगवेगळ्या वेळी ‘जरा बाजूला घे’ म्हणतात, आणि एकासाठी थांबलो असताना बाकीचे तिघे मात्र ‘मला नाही लागली’ असे ठामपणे सांगतात. दहा किलोमीटरनंतर त्यांतल्या दुसऱ्याचे मत बदलते.

अशाच चौथ्या थांब्यानंतर पुढच्या वळणावर पोलिसांनी गाडी अडवली. मी काच खाली केली. रासबेरीचा भपकारा आधी बाहेर गेला आणि मग माझा नमस्कार. पोलिसाने बॅटरीचा उजेड माझ्या चेहऱ्यावर टाकला, मग मागच्या तिघांच्या उघड्या तोंडांवर, मग गादीपर्यंत ओघळून आलेल्या लाल थेंबांवर, आणि काहीही न विचारता यंत्र पुढे केले. मी फुंकले. त्याने आकडा पाहिला, यंत्र हलवले, नवी नळी लावली आणि ‘पुन्हा, जोरात’ म्हणाला. मी पुन्हा, जोरात फुंकले. बॅटरीच्या उजेडात मलाही आकडा दिसला: 0.00. पोलिसाने तो मोठ्याने वाचला, बहुधा स्वतःची खात्री पटावी म्हणून. त्याबरोबर मागे खसखस पिकली, वहीवाल्याने चष्म्याशिवाय वही उघडली, पेन्सिल शोधली आणि पंधराव्या नोंदीखाली माझे नाव लिहून त्यापुढे, दिवसभरात पहिल्यांदाच, अगदी निःपक्षपातीपणे, शून्य गुण मांडले.