पाच मिनिटं बोलून काय होणार? बरंच काही

परत तोच मेसेज फिरतोय. म्हणे कॅज्युअल्टीत दारू पिऊन आलेल्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, एकतर तो शुद्धीत नसतो, डॉक्टरला वेळ नसतो, बेवडा तो बेवडाच राहणार, त्यापेक्षा दम भरा आणि आजपासून बंद म्हणून सांगा. मी कॅज्युअल्टीतच नर्स आहे, त्यामुळे वाचून गप्प बसवलं नाही.

शुद्धीचं म्हणाल तर झिंगलेल्याशी बोला असं सांगतंय कोण? उतरू द्या, टाके पडू द्या, नीट उत्तरं द्यायला लागला की मग बोला.

आता "बेवडा तो बेवडाच". डब्ल्यूएचओची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, 40 पैकी 8 किंवा त्याहून जास्त आले की पिणं धोक्याचं. यातल्या बऱ्याच जणांना व्यसन लागलेलं नसतं, रोज कामावर जाणारी माणसं असतात, आणि हे छोटं बोलणं मुळात त्यांच्यासाठीच आहे. स्कोअर 20 किंवा त्याहून जास्त असेल तर मात्र व्यसनाच्या डॉक्टरकडेच पाठवायचं. आणि अशाला "आजपासून बंद" सांगणं म्हणजे खेळ नाही हो, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. मेसेजमधलं हे वाक्य तर डिलीटच करा.

दम भरायचं पण तसंच. आम्ही विचारतो, कमी करायची तयारी 0 ते 10 मध्ये किती? तो तोंड वाकडं करून म्हणतो, 3. मग विचारायचं, 3 का, 1 का नाही? इथे गंमत होते, कारण आता कारणं तोच सांगायला लागतो, मुलगी बोलत नाही, सकाळी डोकं जड होतं, परवा गाडी थोडक्यात वाचली... आपण फक्त ऐकायचं.

फरक पडतो का? अमेरिकेत सिएटलच्या ट्रॉमा सेंटरमधल्या 1999 च्या अभ्यासात अर्ध्या तासाच्या बोलण्यानंतर वर्षभराने लोकांचं पिणं आठवड्याला सुमारे 22 ड्रिंक्सनी कमी झालं होतं, ज्यांच्याशी कोणी बोललं नाही त्यांचं सुमारे 7 ने. सगळीकडे एवढं होत नाही हेही खरं. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात (यात बरेच अभ्यास एकत्र करून पाहतात) सरासरी फरक आठवड्याला 20 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे दोनेक ड्रिंक्स, इतकाच आहे, आणि इंग्लंडच्या एका मोठ्या अभ्यासात तर नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. दारू सुटते असा दावा नाहीच, कमी होते.

राहिला वेळेचा मुद्दा. लंडनमध्ये डॉक्टरने फक्त विचारायचं आणि दारूसाठीच नेमलेल्या हेल्थ वर्करची अपॉइंटमेंट द्यायची अशी पद्धत होती, तर पुढच्या वर्षभरात त्या पेशंटच्या कॅज्युअल्टीतल्या चकरा माणशी सरासरी अर्ध्या चकरेने कमी झाल्या, म्हणजे दोघांना पाठवलं की एक चक्कर वाचली. फक्त ती अपॉइंटमेंट शक्यतो त्याच दिवशीची द्या, पुढची दिलीत तर बरेच जण फिरकतच नाहीत.