सगळ्यात शेवटी थकतं ते घराचं कर्ज

परवा रविवारी सकाळी एकजण घरी आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला कागद. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतो, बायको विड्या वळते. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. "साहेब, ह्यात काय लिहिलंय एवढं बघा की." मी रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण पूर्वभागात लोक अजून साहेबच म्हणतात. त्यात मान किती आणि जुनी धास्ती किती, हे मी कधी विचारायला गेलो नाही.

नोटीस होती सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची. कर्ज थकलं की कोर्टात न जाता बँकेला तारणाचा ताबा घेऊ देणारा हा कायदा. दोन खोल्यांचं घर तारण, सात लाखांचं कर्ज, चार हप्ते थकलेले. त्याची समजूत अशी की चार हप्ते मागितलेत. मी वाचून सांगितलं, चार हप्ते नाही, सगळंच्या सगळं कर्ज साठ दिवसांत मागितलंय, नाहीतर घराचा ताबा. तो काही बोलला नाही. माझ्या बायकोनं चहा आणून ठेवला होता तो त्यानं पूर्ण प्यायला, कप विसळू का म्हणून विचारलं, आणि मग म्हणाला, "कागद तुमच्याकडंच ठेवा दोन दिवस. घरात ठेवला की झोप येत नाही."

आता माझ्याबद्दल. चोवीस वर्षं एका पतसंस्थेत काढली, त्यातली शेवटची अकरा वसुलीत. सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले काढले, १५६ खाली जप्त्या केल्या, जामीनदारांच्या दारात उभं राहून पगारकपातीची पत्रं दिली. तेव्हा "गरिबाला कर्ज माफ करा" असलं काही माझ्याकडून ऐकायची अपेक्षा ठेवू नका. ठेवीदारांचे पैसे असतात ते. आमच्याकडं ठेव ठेवणारी म्हातारी आणि कर्ज बुडवणारा पुतण्या एकाच वाड्यातले असायचे.

पण वसुलीत एक गोष्ट शिकलो, ती कुठल्या अहवालात वाचायला मिळत नाही. घरात पैसा कमी पडायला लागला की माणूस कुठला खर्च आधी थांबवतो, याला एक क्रम असतो आणि तो बहुतेक घरांत सारखा असतो. आधी पिग्मी थांबते. मग भिशी कुणालातरी देऊन टाकतात, वर्षानुवर्षं भरलेली विम्याची पॉलिसी लॅप्स होते. मग बायकोच्या गळ्यातलं गहाण पडतं, आणि हे नेहमी सासरच्यांना न सांगता होतं. मग पोराची फी राहते. कारखान्यातून उचल घेतलेली असतेच, ती दर आठवड्याच्या पगारातून कापली जाते म्हणून आठवड्याचा पगारच निम्मा येतो. मग किराणा दुकानदाराची वही भरते. गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही, कारण तो थांबला तर गटातल्या बाकीच्या बायका दारात येतात, आणि शेजारणीचं तोंड चुकवणं बँकेच्या नोटिशीपेक्षा अवघड.

सगळ्यात शेवटी थांबतो तो घराचा हप्ता. बँकवाला सभ्य असतो ना. तो फोन करतो, पत्र पाठवतो, गल्लीत आरडाओरड करत नाही. जो जास्त सभ्य, त्याचे पैसे शेवटी.

म्हणून बँकेच्या कागदावर घराचं कर्ज थकीत दिसायला लागतं तेव्हा त्या घरात विकण्यासारखं, गहाण टाकण्यासारखं काही उरलेलं नसतं. टीव्हीवर कुणीतरी सांगत असतं, घरकर्जांची थकबाकी अजून आटोक्यात आहे, काळजीचं कारण नाही. अहो, आटोक्यात आहे कारण सोनं गहाण पडतंय! सराफ कट्ट्यावर जाऊन बघा आधी.

त्यात नियम असा की हप्ता चुकल्यापासून नव्वद दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी खराब कर्ज. तीस दिवसांपर्यंत एक खूण, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. या नव्वद दिवसांत बँक त्याला फोन करते ते पैसे मागायला. "तुझं काम सुटलंय का, हप्ता कमी करून मुदत वाढवू का," हे विचारणारा फोन या नव्वद दिवसांत कुणाला आलेला मी अजून तरी ऐकला नाही. बँकेत दुष्ट माणसं बसलीत म्हणून नाही. नियमच तसा आहे: कर्जदार अडचणीत आला म्हणून अजून एनपीए न झालेल्या खात्याच्या हप्त्यांची फेरमांडणी केली, तर एरवी ते खातं त्याच दिवशी खालच्या वर्गात, म्हणजे एनपीएत जातं. मग कुठला मॅनेजर स्वतःच्या हातानं शाखेचा एनपीए वाढवून घेईल? तो गप्प बसतो, नव्वद दिवस मोजतो, आणि मग नोटीस निघते.

मंदीत सरकारनं दिलासा द्यावा, हे सगळेच म्हणतात. दिलासा कसा असतो ते मी स्वतः घेऊन बघितलंय, २०२० साली. तेव्हा मी नोकरीतच होतो, पण पगार निम्म्यावर आलेला. माझंही घरकर्ज होतं, पतसंस्थेचं नाही, बँकेचं. बाकी बारा लाख, पंधरा वर्षं शिल्लक, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ११,८०० च्या आसपास. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं तीन महिने हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. मी घेतली. कुणी घेतली नाही? गल्लीत तर "मोदींनी सहा हप्ते माफ केले" अशीच बातमी होती.

माफ काहीच नव्हतं. सोलापुरात मीटरवर रिक्षा करायची आपल्याला सवय नाही, पण बँकेचा मीटर गाडी उभी असतानाही चालतो. सहा महिन्यांचं व्याज ५१ हजारांहून जास्त, ते मुद्दलात मिळवलं. हप्ता तेवढाच ठेवला तर मुदत वाढली. हिशेब करून बघितला: सहा हप्ते थांबवले त्याबदल्यात एकूण सतरा हप्ते जास्त भरायचे. म्हणजे जवळपास दोन लाख रुपये. व्याजाचा धंदा करणाऱ्या संस्थेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सही करताना सुचलं नाही, मग मागावरच्या माणसाला काय सुचणार?

मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ऑक्टोबरमध्ये केंद्रानं जाहीर केलं, दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज परत. मोठी बातमी, दिवाळीची भेट वगैरे. व्याजावरचं व्याज म्हणजे चक्रवाढ आणि सरळ व्याज यांच्यातला फरक तेवढा. माझ्या बारा लाखांवर सहा महिन्यांचा तो फरक निघतो नऊशे-सव्वानऊशे रुपये. बायको म्हणाली, चला, एक सोलापुरी चादर तरी येईल.

खरा उपयोगी दिलासा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला होता, पण त्याची जाहिरात कुणी केली नाही. ६ ऑगस्ट २०२० ला रिझर्व्ह बँकेनं खिडकी उघडली: १ मार्चला ज्यांचं खातं जवळपास नियमित होतं, त्या वैयक्तिक कर्जदारांचे हप्ते नव्यानं बांधून द्या, दोन वर्षांपर्यंत सवलत द्या, आणि खातं एनपीएत टाकू नका. मे २०२१ मध्ये दुसरी लाट आल्यावर पुन्हा उघडली. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी ती वापरली? दोन. एक स्वतः बँकेत कामाला आणि दुसरा त्याचा मेव्हणा. मुदत संपली, खिडकी बंद.

आता गेल्या वर्षाचं बघा. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. आपला टॉवेल बाहेर जातो, त्यामुळं त्याचे चटके अक्कलकोट रोडला बसायला वेळ लागला नाही. दोन पाळ्यांची एक पाळी झाली, आठवड्याचे सहा दिवस चारावर आले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्यातदारांना सवलत दिली: १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरचे हप्ते पुढं ढकला, आणि त्या काळाचं व्याज सरळ लावा, चक्रवाढ नको. म्हणजे बघा, २०२० ला ज्या गोष्टीसाठी कोर्टात जावं लागलं ती आता आधीच लिहून दिली. चांगलं झालं. मालकांवर माझा राग नाही, त्यांच्यातले निम्मे स्वतः कर्जात आहेत.

पण ही सवलत मालकाच्या कर्जाला आहे. त्याच मालकाच्या मागावर उभं राहणाऱ्याच्या घरकर्जाला नाही. ऑर्डर एकच गेली, मंदी एकच आली, पण एकाच्या कर्जाला ती दिसली आणि दुसऱ्याच्या कर्जाला नाही. माझ्याकडं आलेल्या माणसाचे चार हप्ते थकले ते नेमके याच महिन्यांतल्या तुटलेल्या पगारामुळं.

त्याच सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळा, घरांत पाणी, जनावरं गेली, जमीन खरवडून गेली. सरकारनं शेतीकर्जाची वसुली थांबवली, पुनर्गठन जाहीर केलं. करायलाच पाहिजे होतं. नैसर्गिक आपत्तीसाठी बँकांकडं कायमचे नियम लिहिलेले आहेत, आपत्ती जाहीर झाली की हप्ते पुन्हा बांधता येतात आणि खातं खराब होत नाही. म्हणजे हे करता येतं! पाऊस पडला तर आपत्ती, कारखाना बंद पडला तर ज्याचं त्याचं नशीब, एवढाच काय तो फरक.

आणि हे काही मी नवीन सांगत नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात असा कायदा होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्जं तशीच राहिली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांच्या घरांत घुसून कर्जखतं, रोखे जाळले. माणसांपेक्षा कागदांवर राग, हे लक्षात घ्या. त्यावर इंग्रजांनी १८७९ ला दख्खन शेतकरी मदत कायदा आणला, आणि तो आधी लागू केला चारच जिल्ह्यांना: पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर. त्या कायद्यानं कोर्टाला अधिकार दिला की नुसता रोखा बघू नका, रोख्याच्या मागं जा, मूळ रक्कम किती दिली, व्याज किती लावलं, सगळा इतिहास काढा. हप्ते बांधून द्या. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. आणि आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, तोही त्यात होता. कायदा फार यशस्वी झाला असं नाही, सावकारांनी पळवाटा काढल्या, कर्जाऐवजी जमिनीचं खरेदीखतच लिहून घ्यायला लागले. पण अमेरिकेतल्या बाजारामुळं सोलापुरातला माणूस बुडाला तर त्यात त्या माणसाची चूक किती, हा प्रश्न तेव्हाच्या परक्या सरकारला पडला होता.

सरसकट माफीच्या मात्र मी विरोधात आहे, आणि यावर कमेंटमध्ये शिव्या येणार हे गृहीत धरलंय. २०१७ ची शेतीकर्जाची दीड लाखांची माफी बघितली, २०१९ ची दोन लाखांची बघितली. दोन्ही वेळा आमच्या काउंटरवर नियमित भरणारा माणूस येऊन विचारायचा, "मी येडा का?" २०१९ च्या वेळचं त्याला द्यायचं पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन खात्यात यायला २०२२ उजाडलं. शिवाय माफीची कुजबुज सुरू झाली की वसुली सहा महिने आधीच थंड पडते, हे कुठल्याही पतसंस्थेच्या मॅनेजरला विचारा.

मला हवंय ते माफीपेक्षा खूप लहान. ती २०२० ची खिडकी घरकर्जासाठी, ठरावीक रकमेच्या आतल्या, कायमची उघडी ठेवा. पगारपत्रक, पीएफचा उतारा किंवा कारखान्याचा दाखला दाखवून काम कमी झाल्याचं सिद्ध करायचं, आणि पहिला हप्ता चुकल्याबरोबर अर्ज करता आला पाहिजे, नव्वदाव्या दिवसानंतर नाही. वर्षभर फक्त व्याज भरू द्या किंवा हप्ता निम्मा करा. थांबलेल्या व्याजावर व्याज नको. सरकारला खरंच पैसे खर्च करायचे असतील तर त्या एका वर्षाच्या व्याजातला वाटा उचलावा, छोट्या घरांपुरता. विडीवाल्या बाईला पीएफचा उतारा मिळतो का, हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कारखान्यागणिक वेगळं आहे. पण त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

तोपर्यंत ज्यांच्या घरी असा कागद आलाय त्यांनी तो कपाटात ठेवू नका. १३(२) ची नोटीस म्हणजे लगेच कुलूप नाही. साठ दिवसांच्या आत लेखी हरकत देता येते, १३(३ए) खाली, आणि तिला पंधरा दिवसांत उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. अर्ज दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. "साहेब बघतो म्हणाले" ही पोच नव्हे. वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. हे मी सांगतोय, ज्यानं लोकांना रात्री नऊला गाठलंय. तेव्हा नियम एवढा स्पष्ट नव्हता, असं मी स्वतःला सांगत असतो.

सोमवारी आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. कारखान्याच्या मालकानं चार ओळींचा दाखला दिला, पाळ्या कमी झाल्याचा, कुरकुर न करता. त्यात त्यानं स्वतःच्या बँकेकडून मिळालेल्या सवलतीचाही उल्लेख केला, मी सांगितलं नव्हतं तरी. मंगळवारी अर्ज देऊन आलो. काउंटरवरच्या पोरानं आधी घ्यायला नकार दिला, मग मी जुन्या आवाजात बोललो तेव्हा शिक्का मारला.

कागद अजून माझ्याच कपाटात आहे. साठातले एकवीस दिवस गेलेत.