चॉकलेटची पाठवणी

चोवीस चॉकलेटे निघाली आणि पोहोचले ते एकच. अर्थात बरेच मोठे. ज्या गृहस्थांना ताईने ते खोके पाठवले होते त्यांनी छायाचित्र पाठवून अत्यंत नम्रपणे विचारले होते, की हे कापून खायचे असते की चमच्याने? ताई एकेका खेपेसाठी तीन दिवस खपते. दोन मिलिमीटर जाडीचे कवच, आत मऊ सारण आणि माथ्यावर बारीक कुंचल्याने ओढलेली एक सोनेरी रेघ, असा तिच्या चॉकलेटांचा थाट असतो. त्या छायाचित्रात चोवीस रेघा एकमेकींत मिसळून नकाशातल्या नदीच्या मुखासारख्या पसरल्या होत्या. घरात सुतकी शांतता असताना मी एक वाक्य उच्चारले, आणि ते गिळले असते तर माझे पुढचे सात महिने सुखात गेले असते. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? एक खोकं तर करायचंय."

मी व्यवसायाने पंपांच्या बाह्यकवचांची रेखाटने करतो. ओतीव लोखंडाचे कवच हातातून निसटले तर विचारपूस फरशीची करावी लागते, लोखंडाची नव्हे. या अनुभवाच्या बळावर आपण बारा ग्रॅमच्या चॉकलेटला सहज सांभाळू असे मला वाटले, यावरून माझा आत्मविश्वास कोणत्या धातूचा होता याची कल्पना यावी.

प्रथम मी शत्रूचा अभ्यास केला, आणि शत्रू खुद्द चॉकलेटच आहे असे लक्षात आले. कोको बटर सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते. त्यांतले पाचवे तेवढे कामाचे: चकचकीत, मोडताना कट्‌कन वाजणारे आणि सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळणारे. ताईचा टेम्परिंगचा, म्हणजे वितळलेले चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन गोठवण्याचा, सारा खटाटोप या पाचव्या रूपासाठी चालतो. माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश. म्हणजे माणसाच्या जवळ येताच नाहीशी व्हावी अशा बेताने ही वस्तू तयार केली जाते, आणि मग ती नाहीशी होऊ नये म्हणून माझ्यासारख्या एखाद्याला कामाला लावले जाते. तिला घट्ट धरावे तर अंगावर वळ उठतात, सैल सोडावे तर ती खडखडते, उबेत ठेवावे तर ओघळते आणि गारव्यातून एकदम बाहेर काढावे तर तिला घाम फुटतो. पंप इतका लाडावलेला नसतो.

पहिला उपाय म्हणून मी प्रत्येक चॉकलेट हवेचे फुगे असलेल्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे बबल रॅपमध्ये, गुंडाळले. हे प्लास्टिक १९५७ साली आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी भिंतीवर लावायचा उठावदार कागद बनवण्याच्या नादात तयार केले होते. त्यांचे जे करायचे होते ते फसले आणि भलतेच चालले. माझे जे करायचे होते ते फसले आणि काहीच चालले नाही. दोन दिवसांनी उघडून पाहिले तेव्हा सर्व चॉकलेटे अखंड होती, पण एकूण एक चॉकलेटला कांजिण्या झाल्या होत्या. शिवाय निम्मे फुगे भाचीने आधीच फोडून ठेवले असल्यामुळे कांजिण्यांतही सारखेपणा नव्हता.

मग मी चांदीकडे वळलो. चांदी म्हणजे लहानपणी आपण नखाने गुळगुळीत करून वहीत जपून ठेवत असू, ती. पूर्वी ती कथिलाची असे. बर्नच्या टोब्लर यांनी १९११ मध्ये आपले त्रिकोणी चॉकलेट ॲल्युमिनियममध्ये गुंडाळायला घेतले. या पातळ पत्र्याचा एक सद्गुण मला मनापासून आवडतो: तो मुडपला की मुडपलेला राहतो. प्लास्टिक मुडपले की ते पुन्हा उलगडून आपले म्हणणे मांडते, आणि म्हणून तर गोळ्यांच्या कागदाला दोन्ही टोकांना पीळ द्यावा लागतो. चांदीची जाडी साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ज्या शतांश मिलिमीटरसाठी मी कारखान्यात लोकांशी भांडतो, तोच शतांश आता माझ्या बोटांत चुरगळत होता. चोवीस चॉकलेटे गुंडाळायला मला एक तास चाळीस मिनिटे लागली आणि त्यांतली चार माझ्या हातांच्या उबेने वाटेतच निवर्तली. १९०७ साली निघालेली 'हर्शीज किसेस' ही छोटी अमेरिकी चॉकलेटे १९२१ मध्ये यंत्र येईपर्यंत हातानेच गुंडाळली जात, हे वाचल्यावर त्या अनोळखी हातांविषयी मला भरून आले. चांदी प्रकाश अडवते, हवा अडवते, वास अडवते. दाब मात्र ती मुळीच अडवत नाही. ती शाल आहे, चिलखत नव्हे. ताईचा आक्षेप याहून मूलभूत होता. ती म्हणाली, "मी तासभर मान मोडून रेघ ओढायची, आणि तू तिला बुरखा घालणार?"

येथे मी इतिहासाचा आधार घेतला. ब्रुसेल्सच्या ज्याँ नॉयहाउस यांनी १९१२ मध्ये आत सारण भरलेले चॉकलेट काढले. ते कागदाच्या शंकूत बांधून दिले जाई आणि तळाची चॉकलेटे वरच्यांच्या भाराने चेचली जात. तेव्हा १९१५ मध्ये त्यांच्या पत्नी लुईझ अगोस्तीनी यांनी चॉकलेटे थरांनी रचता येतील अशी पुठ्ठ्याची छोटी पेटी बनवली, आणि बालोतँ या नावाने ती आजही चालते. ही माहिती मी ताईला मोठ्या ऐटीत ऐकवली. तिने शांतपणे विचारले, "म्हणजे तिथेही चॉकलेट करणारं एक आणि निस्तरणारं दुसरं. पण त्या बाईंना किती महिने लागले?"

मी पेटी केली. पुठ्ठ्याचे चोवीस खण पाडले आणि सवयीप्रमाणे मोजमाप अचूक ठेवले. चॉकलेटचा व्यास २८ मिलिमीटर, म्हणून खण २८.२. चॉकलेट आत अलगद उतरले, खाली टेकताना त्याने हवेचा एक समाधानी सुस्कारा सोडला, आणि त्यानंतर ते बाहेर आले नाही. पंपाच्या दट्ट्याला हीच बसणी शोभते. मग खण ३२ चे केले, तर पेटी उचलताच आतून खुळखुळ्यासारखा आवाज येऊ लागला. दोन टोकांमध्ये अखेर ती जुनी, झालरीच्या चुण्यांची कागदी वाटी उपयोगी पडली. इतकी वर्षे मी तिला निव्वळ शोभेची समजत होतो. प्रत्यक्षात तिची प्रत्येक चुणी म्हणजे एक इवलीशी स्प्रिंग असते, आणि चॉकलेट खणाच्या मधोमध राहावे म्हणून त्या सगळ्या चुण्या चहूबाजूंनी बिनबोभाट ढकलत असतात.

यानंतर आपटण्या सुरू झाल्या. हलक्या खोक्यांसाठी एक रूढ चाचणी आहे. त्यात खोके ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात: एकदा एका कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या कडांवर आणि सहा वेळा सहा बाजूंवर. आमच्या जेवणाच्या टेबलाची उंची जवळजवळ तेवढीच निघाली. भाचीने हे खाते तत्काळ आपल्याकडे घेतले. ती टेबल रिकामे करी, खोके कडेशी आणी आणि "कोपरा!" अशी घोषणा करून ते सोडून देई. इतक्या निष्ठेने काम करणारा सहकारी मला कारखान्यात लाभलेला नाही. हिशेब असा, की ७६ सेंटिमीटरवरून आलेली वस्तू एका मिलिमीटरात थांबली तर तिला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ७६० पट झटका बसतो. म्हणजे बारा ग्रॅमचे चॉकलेट क्षणभर नऊ किलोचे होते आणि आपल्याच दोन मिलिमीटरच्या कवचावर बसते. तिला थांबायला एक सेंटिमीटर दिला तर तोच भार नऊशे ग्रॅमच्या आसपास येतो. थोडक्यात, चॉकलेटला थांबायला जागा हवी होती. ही जागा मिळावी म्हणून मी खणांखाली फोमची गादी घातली, आणि दहाही आपटण्या सुखरूप पार पडल्या.

भाऊजींनी वाचलेल्यांपैकी एक तोंडात टाकले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "नव्या चपलांसारखं लागतंय."

चॉकलेटमधले स्निग्ध द्रव्य आसपासचा कोणताही वास मनापासून आपलासा करते, हे मला ठाऊक नव्हते. वेष्टणाचा वास खाद्यपदार्थाला लागतो का, हे पाहणाऱ्या रॉबिन्सन चाचणीत तर मुद्दाम चॉकलेटच वापरतात. वेष्टणाचा तुकडा आणि चॉकलेट एका बंद बरणीत काही काळ ठेवून मग परीक्षकांना चाखायला देतात. आम्ही स्वयंपाकघरातल्या बरण्या घेऊन तिची घरगुती आवृत्ती काढली आणि भाऊजींना एकमेव परीक्षक नेमले. त्यांची जीभ पाहून मी थक्क झालो. डोळे मिटून एकेक तुकडा चघळत ते निकाल देत: हा डिंक, ही शाई, हा रद्दीचा पुठ्ठा. एका तुकड्यावर ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "हे वर्तमानपत्र आहे. बहुतेक मागच्या पानाचं." फोम गेला, छापील कागद गेला, माझा आवडता डिंकही गेला. गादीच्या जागी कोऱ्या लगद्याचा नालीदार पुठ्ठा आला. हा पुठ्ठा १८५६ मध्ये उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी निघाला होता. ज्याने जे काढावे ते दुसऱ्याच कामी यावे, असा या क्षेत्राचा शिरस्ताच दिसतो.

उन्हाळ्याचे प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण ते आठवले की मला अजूनही घाम येतो. खोक्यात बर्फाच्या पिशव्या घातल्या, चॉकलेटे थंडगार पोहोचली. घेणाऱ्याने खोके लगेच उघडले, दमट हवा आत शिरली, थंड कवचावर दव जमले, दवात पृष्ठभागावरची साखर विरघळली आणि पाणी उडून गेल्यावर तीच साखर खरखरीत पांढरी होऊन मागे राहिली. ती बुरशी नव्हे हे समजावून सांगणारी चिठ्ठी मी लिहिली. ताईने ती वाचली आणि म्हणाली, "ज्या खाऊबरोबर 'ही बुरशी नव्हे' अशी चिठ्ठी येते, तो खाऊ तू खाशील का?" त्यानंतर आतली चॉकलेटांची पेटी एका हवाबंद पिशवीत गेली, आणि 'पिशवी दोन तास उघडू नये' एवढीच चिठ्ठी उरली.

सातव्या महिन्यात सातवा नमुना तयार झाला. पातळ प्लास्टिकच्या पत्र्याचा, तापवून साच्यावर ओढलेला ट्रे. खणांच्या भिंतींना उतार. खणात चुण्यांची वाटी. खाली नालीदार पुठ्ठा. वर उंचवट्यांची कागदी गादी. आणि गादी व सोनेरी रेघ यांच्यात बरोबर एक मिलिमीटरचे अंतर, म्हणजे रेघ पुसायला नको आणि चॉकलेटने उडी मारायलाही नको. भाचीने दहा आपटण्या केल्या आणि माझ्या परवानगीवाचून अकरावीही केली. खोके उघडले. चोवीसच्या चोवीस जागच्या जागी होती, एकाही कवचाला तडा नव्हता, वास शून्य. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. ताई काही बोलली नाही, पण तिने मला चहा करून दिला. सात महिन्यांत ही पहिलीच वेळ होती.

पहिले चॉकलेट घेण्याचा मान ताईच्या सासूबाईंना देण्यात आला. त्यांनी दोन बोटे खणात घालण्याचा प्रयत्न केला. बोटे गेली नाहीत. वाटीची झालर चिमटीत धरून ओढली. झालर हातात आली, चॉकलेट आतच. "जरा उलटं करून पाहते," असे म्हणून त्यांनी ट्रे उलटा केला आणि पाठीवर थोपटले. ज्या ट्रेतून अकरा आपटण्यांत काही हलले नव्हते, तो थोपटण्याने काय दाद देणार? शेवटी त्यांनी शेजारची विणकामाची सुई उचलली, ती खणाच्या कडेने आत सारली आणि अनुभवी हाताने हलकेच उचकटले. कट्‌कन आवाज आला. तो पाचव्या स्फटिकरूपाचा अस्सल आवाज होता. कवच दुभंगले, सारण सुईवरून ओघळले आणि सासूबाई अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या, "छान झालंय हो. पण खायचं कसं?"

ट्रे साच्यातून सुटावा म्हणून मी खणांच्या भिंतींना आठवणीने चार अंशांचा उतार दिला होता. चॉकलेट ट्रेतून सुटावे, हा मुद्दा सात महिन्यांत एकदाही माझ्या कागदावर आला नव्हता.

त्या रात्री मी घरातल्या सर्वांच्या तर्जन्या मोजल्या. भाऊजींची १९ मिलिमीटर रुंद, भाचीची ९, सासूबाईंची सांध्याशी १७. प्रत्येक खणाला समोरासमोर दोन अर्धचंद्राकृती बोटखाचा दिल्या. खाचा दिल्याबरोबर भिंती कमजोर झाल्या, म्हणून तळाला उभ्या पन्हळी घातल्या. त्यांनी उंची खाल्ली, म्हणून वरची गादी पातळ केली. पुन्हा बरण्या, पुन्हा भाऊजींची जीभ, पुन्हा दहा आपटण्या. आठव्या नमुन्यातले चॉकलेट सासूबाईंनी दोन बोटांनी उचलले, रेघेसकट तोंडात टाकले आणि डोळे मिटले. मी साचा कायम केला आणि तशा पाचशे ट्रेंची मागणी नोंदवून आलो.

ट्रे घरी पोहोचले त्या संध्याकाळी ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिच्या तळहातावर एक नवे चॉकलेट होते: तीच तकाकी, तीच रेघ, फक्त माथ्याला कळसासारखे एक नाजूक टोक. "नवा साचा घेतलाय," ती म्हणाली, "यापुढे सगळी अशीच करायची. कसं दिसतंय?"

मी ते बोटखाचेतून अलगद खणात ठेवले, वर गादी ठेवली आणि झाकण लावून पाहिले. झाकण चार मिलिमीटर वर राहिले. मागे काहीतरी सरकल्याचा आवाज आला म्हणून वळलो, तर भाची जेवणाचे टेबल रिकामे करत होती.