गेटबाहेरचं हापूसचं खोकं

आज सकाळी शेल्टरच्या गेटबाहेर हापूसचं खोकं होतं. वरून चिकटपट्टी, हवेसाठी दोन भोकं, आत दोन पांढरे ससे आणि अर्धं गाजर. चिठ्ठीत लिहिलेलं, ‘दोन्ही माद्या आहेत, भांडत नाहीत.’ दुपारी खोकं ठेवणाऱ्याचा फोन आला. ससे घ्यायला आम्ही ‘तीन आठवडे थांबा’ म्हटल्याचा राग होता. ‘प्राण्यांसाठी काम करता आणि दोन सशांना जागा नाही?’

नाही. जागा म्हणजे रिकामा पिंजरा नव्हे हो! नवीन ससा आला की निदान दोन आठवडे तो वेगळा ठेवावा लागतो. कानात खरुजेची खपली असेल, शिंका असतील, तर सगळ्यांना लागण होते. दोन आठवडे झाले म्हणून थेट कळपात सोडताही येत नाही. नसबंदी न झालेले नर एकमेकांना फाडतात. नर-मादी एकत्र राहिले तर महिन्याभरात पिल्लं, आणि व्यायल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. नराची नसबंदी झाली तरी पुढचा महिनाभर त्याला मादीपासून लांबच ठेवायचं.

म्हणून आम्ही आधी विचारतो: वय किती, नसबंदी झालीय का, खातो का, लेंड्या टाकतो का, आत्ता कुठे आहे? शेपटीखालचा फोटोही मागतो. लोकांना त्याचाही राग येतो. पण दुकानदाराने ‘मादी’ म्हणून दिलेला नर ही रोजची गोष्ट आहे. आजच्या खोक्यातल्या दोन ‘माद्यां’पैकी एकाच्या गोट्या नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या.

पहिली जागा बारा तास काही न खाल्लेल्या सशाला. त्याचं आतडं थांबलं की तो हातातून जातो. मान वाकडी झालेला, जखमेत अळ्या पडलेला, तोही लगेच आत. मग बागेत नाहीतर टेकडीवर सोडून दिलेले. ‘निसर्गात सोडला’ म्हणतात! पाळीव ससा मूळचा युरोपातला. इथे कुत्रं, मांजर, घार, कुणाच्याही तोंडी जातो. मग एकत्र ठेवलेली नर-मादीची जोडी. आणि शेवटी घरात, सावलीत, खातापिता असलेला. त्यालाच थांबायला सांगतो, कारण तो थांबू शकतो.

काही घरं खरंच अडचणीत असतात. लेकराला दमा निघतो, घरमालक पाळू देत नाही. त्यांच्यावर राग नाही. रडत फोन करणारी माणसं ऐकलीत आम्ही, आणि आमचाही क्रम कधी चुकतो, हे मान्य. थांबावं लागलं तर एवढं करा: जोडी असेल तर दोघांना वेगळं ठेवा, वाळलेलं गवत चोवीस तास समोर असू द्या, गाजर अगदी थोडं. पिसवांसाठी कुत्र्याचा फिप्रोनिलवाला स्प्रे मारू नका, सशाला तो विषारी आहे.

आणि शेतात सापडलेलं, अंगभर केस आणि उघडे डोळे असलेलं तपकिरी पिल्लू उचलून आणू नका. ते रानससा आहे, त्याची आई अंधारात येऊन पाजून जाते. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

पण ते खोकं काही डोक्यातून जात नाही. मे महिन्याचं ऊन, आत पाणी नाही. पारा तिशीपलीकडे गेला तरी सशाला सोसत नाही, त्याला घाम येत नाही. अजून दोन तास कुणी गेट उघडलं नसतं तर?

खोक्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या केसांचा गोळाही होता. सशीण विण्याआधी गळ्याखालचे केस उपटून घरटं करते. खोटं गाभणपणही असू शकतं, पण पोट हाताला भरीव लागतंय. म्हणजे यादीतले ससे आणखी मागे गेले.

नराला दुसऱ्या खोलीत हलवलंय. तिला गवत भरलेली पेटी दिली, वर सुती चादर टाकली. रात्री दहाला कोथिंबिरीच्या चार काड्या खाल्ल्यात. लेंड्या अजून नाहीत.