हिरवी कुठाय?

वाईनच्या बाटलीच्या बुडाला आतून एक खड्डा असतो. त्यात अंगठा घालून वाईनची लायकी सांगणारा माणूस मी गेल्या रविवारी पाहिला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

चवथ झाली, गणपती पोचवले, शिवराक म्हणजे शाकाहार संपला आणि साडूकडे पहिलं नुस्तं, म्हणजे मासळी, शिजलं. श्रावणापासून ज्यांनी शेजारच्या खिडकीतून येणाऱ्या वासावर दिवस काढले, त्यांच्या घरी त्या दिवशी काय वातावरण असतं हे गोंयकाराला सांगायला नको. तेफळ घातलेलं बांगड्याचं हुमण (कालवण), रव्यात घोळून तळलेली सुंगटं (कोळंबी), रेशाद मसाला लावलेली इसवण (सुरमई), तिसऱ्यांचं सुकं. साडू म्हणाला, "वाईनचं तेवढं तू बघ." मी बघितलं. चूक तिथेच झाली.

हे जेवण वाईनला सोपं नाही. मिरचीवर जास्त अल्कोहोलची वाईन ओतली की तोंड आणखी पेटतं, म्हणून १४ टक्क्यांच्या धिप्पाड बाटल्या पहिल्या झटक्यात बाद. लाल वाईनचा तुरटपणा तिखटाबरोबर कडवट होतो. शिवाय लाल वाईनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं, आणि त्यानं मासळीचा वशट वास नाकात चढतो. तेलकट बांगड्याबरोबर तर विचारूच नका. राहिला आंबटपणा. हुमणात सोलं, रेशादात व्हिनेगर. पदार्थ वाईनपेक्षा आंबट असला की वाईन पाणचट लागते. म्हणजे हवी ती कमी अल्कोहोलची, आंबट, किंचित गोड नाहीतर किंचित बुडबुड्यांची. गोडी लिटरला १०-१५ ग्रॅम साखरेची पुरे. तेवढ्यानं मिरचीला लगाम बसतो आणि सरबतही होत नाही.

म्हणून हुमणासाठी नाशिकची जरा गोडसर पांढरी वाईन, शेनँ ब्लाँ, घेतली. तळलेल्या सुंगटांसाठी पोर्तुगालची व्हीन्यु व्हेर्द: १० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, लिंबासारखी धार, जिभेवर बारीक चुरचुर. तळणाचं तेल कापायला याहून बरं हत्यार नाही. तिचे १८०० रुपये पडले. हा आकडा ध्यानात ठेवा.

आता साडूचे काका. वय ७६. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा १२ वर्षांचे, त्यामुळे शिक्षण पोर्तुगीजात, सेगुंद ग्रावापर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत. त्या सेगुंद ग्रावाच्या जोरावर साठ वर्षं घरातली सगळी औषधं, सगळे दस्तऐवज आणि आता सगळ्या बाटल्या तेच वाचतात.

काकांनी आधी बाटली उलटी केली. अंगठा बुडात घातला. बाहेर काढला आणि पंगतीला दाखवला.

"एक पेर. बरी वाईन दोन पेरं घेते."

मी म्हटलं, काका, तो खड्डा मुळात बाटलीच्या मजबुतीसाठी. शँपेनच्या बाटलीत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, तिथे त्याची गरज. जर्मनीतल्या उत्तम रीसलिंग या पांढऱ्या वाईनच्या उंच बाटल्यांना बूड जवळजवळ सपाट असतं. काकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या बाटलीकडे वळले. नाशिकवालीला पिळायचं झाकण होतं.

"खोकल्याचं औषध," काका म्हणाले आणि बाटली बाजूला ठेवली.

खरं तर आपल्या हवेत पिळायचं झाकण हे वरदान आहे. बुचाला कधी कधी एका रसायनाची बाधा होते आणि वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. ऑगस्टात गोव्यातलं कुठलंही कपाट उघडलं की येतो तोच. झाकणात ती भानगड नाही. हे मी बोलायला तोंड उघडलं, तोवर काकांनी चष्मा लावला होता.

"व्हीन्यु व्हेर्द," त्यांनी वाचलं. उच्चार माझ्यापेक्षा शंभर पट बरा, हे कबूल. "व्हीन्यु म्हणजे सोरो. व्हेर्द म्हणजे पाचवो." मग ग्लास उजेडात धरला. आत फिकट पिवळसर पाणी. "मागीर पाचवें खंय आसा?"

साडूच्या पुतणीचा नवरा पुण्याचा. कोकणीत पाचवो म्हणजे हिरवा, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक? तो म्हणाला, "ही पाचवी? मग आधीच्या चार कुणी संपवल्या?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनंसुद्धा.

मी सांगायला लागलो. व्हेर्द म्हणजे इथे रंग नव्हे. मदूर म्हणजे मुरलेली, व्हेर्द म्हणजे कोवळी. शहाळं आणि नारळ असतं ना, तसं. शिवाय व्हीन्यु व्हेर्द हे पोर्तुगालच्या वायव्येकडच्या, मिन्हु भागातल्या वाईनचं नाव आहे, १९०८ साली त्या प्रदेशाची हद्द आखलेली आहे...

"कोवळी म्हणजे कच्चीच ना?"

"कच्ची नव्हे काका, ताजी. वर्ष-दोन वर्षांत प्यायची."

"म्हणून आंबट. कच्च्या द्राक्षांचे अठराशे घेतले तुझ्याकडून." आणि साडूला, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "सरळ मनीस. फसयलो ताका."

यावर काय बोलणार? शब्दाचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता, माझी पंचाईत तीच होती. हे पोर्तुगीज शब्दांचं प्रकरण आपल्याकडे जुनंच. 'व्हीन्य द आल्युश' म्हणजे वाईन आणि लसूण, त्यात मुरवलेलं मांस. ते गोव्यात आलं, वाईनच्या जागी माडाचं व्हिनेगर बसलं आणि विंदाल्यु झालं. पुढे बाहेरच्या हॉटेलवाल्यांनी 'आल्यु'चा आलू ऐकला आणि त्यात बटाटे घातले. काका निदान बटाट्यापर्यंत गेले नाहीत, एवढंच.

गेले ते बर्फापर्यंत. काकांनी ग्लासात चार खडे टाकले, वर लिंबू सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. थेट हुर्राक करतात तसं. हुर्राकाविरुद्ध माझं काही नाही. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची ती दारू मार्च ते मे अशीच प्यावी, तिथे लिंबू-मिरचीलाच मान. पण व्हीन्यु व्हेर्द?

थोडा दोष साडूचाही. ती बाटली त्यानं दुपारभर टेबलावर ठेवली होती, कारण "वाईन रूम टेंपरेचरला पितात." अरे, पण कुठल्या रूमच्या? हे वचन निघालं ते युरोपातल्या जुन्या दगडी घरांत, १६-१८ अंशांच्या खोल्यांत, आणि तेही फक्त लाल वाईनसाठी. फोंड्यात सप्टेंबरात रूम ३० अंशांची. पांढरी ८ ते १० अंशांवर प्यायची, फेसाळणारी ६ ते ८, आणि लाल असली तरी इथे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवूनच काढायची. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, दोन मुठी मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा, २० मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घातला तर खड्यांच्या फटीत हवाच राहते आणि बाटली कोमटची कोमट. डीप फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका. टाकणारा माणूस हमखास विसरतो, आतली वाईन गोठून फुगते, बूच वर येतं आणि मटारांची पिशवी झिंगते.

आणि दुकानं? दारावर 'वाईन शॉप' लिहिलेलं, आत व्हिस्की, रम, बियर, काजूगर, उदबत्त्यासुद्धा. वाईन म्हणजे वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला चिकटून उभ्या असलेल्या सहा बाटल्या. बूचवाली बाटली महिनोन्‌महिने उभी ठेवली की बूच सुकतं, आत हवा शिरते. रात्री शटर ओढलं की एसी बंद. अशा शिजलेल्या वाईनला मुरंब्यासारखा जड वास येतो, आणि मग लोक म्हणतात वाईन कशी, गोडसर दारू. परत न्यायला जावं तर मालक विचारतो, "फोडल्यावर कशी परत घेऊ?" न फोडता कळणार कसं बाबा? मला अंगठ्यानं कळत नाही.

त्यात आपल्याकडे 'पोर्ट' म्हणून जी गोड लाल विकतात, ती चाखून माणूस आयुष्यभर पोर्टचं नाव टाकतो. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोउरु खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षांची कडक दारू ओतून आंबणं थांबवतात. साखर आत उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. नाताळात शेजारून बेबिंक, म्हणजे थराथरांचा गोड केक, आली तर तिच्याबरोबर पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट, जराशी गार, लहान ग्लासात ७० मिली. गोडाबरोबरची वाईन गोडापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट तोंड करून बसते. सोर्पोतेलाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट रश्श्याची, चाल उलटी: चरबी आणि व्हिनेगर दोन्ही, तेव्हा हलकी, आंबट, कमी तुरट लाल, १४ अंशांवर. उघडलेली टॉनी फ्रीजमध्ये महिनाभर टिकते. साधी वाईन तीन-चार दिवस. चवथीच्या खतखत्याबरोबर, म्हणजे मिश्र भाजीबरोबर, कुठली, असं मला एकानं विचारलं होतं. त्याच्यासाठी पाणी.

तर काकांचा ग्लास. बांगडा, सुंगटं, हुमण, सगळ्यांबरोबर त्यांनी तो तब्येतीत संपवला. मी मनात हिशेब मांडला. सोड्यानं अल्कोहोल उतरलं, सोड्यातल्या साखरेनं मिरचीला लगाम घातला, लिंबानं आंबटपणा वाढला, मिठानं धार बोथट झाली, वर बुडबुडे. दुकानात उभं राहून मी जे जे शोधलं, ते सगळं त्या ग्लासात होतं. पुण्याच्या जावयानं दोन ग्लास घेतले. व्हीन्यु व्हेर्द आठ मिनिटांत संपली आणि तिची चव एकालाही लागली नाही. खोकल्याचं औषध मी एकट्यानं प्यायलो. हुमणाबरोबर फार छान लागलं.

काल साडूचा फोन. रिकाम्या बाटलीत मनीप्लँट लावलाय. काकांचा निरोप: दिवाळीला ये, येताना वाईन आण, पण या खेपेला खरी हिरवी बघून आण. दिवाळीला आपल्याकडे सकाळी सातला फोव (पोहे) खातात, दुधातले, गुळातले, ताकातले, हे साडूला आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

कारण व्हीन्यु व्हेर्द लालसुद्धा असते. जांभळी, शाईसारखी गडद. मिन्हुत ती चिनी मातीच्या पांढऱ्या वाडग्यातून पितात आणि वाडग्याला डाग पडतो. गोव्यात मिळेल की नाही शंका आहे, पण दोन दुकानदारांना सांगून ठेवलंय. लेबलवर ठळक अक्षरांत 'व्हेर्द' हवं, एवढी एकच अट घातली आहे. बूड कितीही उथळ चालेल.