नागावच्या विहिरीबद्दल तुम्ही दिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या वाडीतल्या जुन्या विहिरीचा गाळ काढून आम्ही तिची दुरुस्ती केली, त्यावरचा तुमचा अभिप्राय वाचला. दोन स्टार दिलेत, पण तक्रारी आडपडदा न ठेवता लिहिल्यात, त्याबद्दल आभार. विहीर आणखी खोल करायला आम्ही नकार दिला, दोन एचपीचा पंप मागितला असताना अर्ध्या एचपीचा बसवला, आतून प्लास्टर केलं नाही, पहिल्या दिवशी माणसं नुसती बसून राहिली आणि त्याचेही पैसे लावले, शिवाय एवढा खर्च करून पाणी पिण्याजोगं नाही, असं तुमचं म्हणणं आहे. अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीत, जुनी वाडी आणि तिच्यातली विहीर सांभाळणारे बरेच लोक हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खोलीचं. तुमची विहीर उथळ आहे ती बांधणाऱ्याकडे पैसे कमी पडले म्हणून नव्हे. नागाव, आक्षी, रेवदंडा या पट्ट्यात वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी थोडं जड, म्हणून ते खाली राहतं. भूजलाच्या अभ्यासात याचा साधा हिशेब आहे: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीच्या खाली साधारण 40 फुटांपर्यंत गोडं पाणी मिळतं. ऐकायला छान वाटतं, पण हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक फुटाने कायमची खाली नेली, तर खालचं खारं पाणी हळूहळू तितक्याच पटीने वर सरकतं. त्यात विहिरीचा तळ खाली नेला किंवा तळात बोअर मारलं, की आपणच त्याच्या वाटेत जाऊन बसतो.

गाळ काढताना तुम्ही काठावर उभ्या होतात. वर काळा चिखल, कुजलेल्या झावळ्या, करवंट्या, प्लास्टिकच्या पिशव्या, मग रहाटाच्या फुटक्या गाडग्यांच्या खापऱ्या, आणि त्याखाली शिंपल्यांचा चुरा असलेली स्वच्छ वाळू लागली. ती वाळू म्हणजे विहिरीचा मूळ तळ. तिथून पाणी बुडबुडत वर येताना दिसलं तेव्हाच मी माणसांना थांबायला सांगितलं. जुन्या माणसांनी जिथे हात आवरला, तिथे आम्हीही आवरला, आणि पुढच्या प्रत्येक विहिरीत तेच करू.

पंपाचंही कारण हेच. तुमच्या विहिरीचा व्यास दहा फूट, म्हणजे एक फूट उंचीच्या पाण्यात साधारण 2,200 लिटर. मे महिन्यात चार फूट पाणी उरलं, तर साठा नऊ हजार लिटरच्याही आत. दोन एचपीचा पंप तो अर्ध्या तासात संपवू शकतो. विहीर रिकामी झाली की चहूबाजूंनी पाणी धावून येतं, बारीक वाळू सोबत आणतं, दगडांमागची माती पोकळ करतं आणि खालचं मचूळ पाणी वर ओढतं. नारळ थोडा खारेपणा सोसतो. सुपारी तेवढी सोसत नाही आणि तुम्ही हौसेने लावलेले गुलाब तर मुळीच नाहीत. एकदा विहीर मचूळ झाली की एका पावसाळ्यात ती सुधारेलच असं नाही. काही वाड्यांत लोकांनी हौसेने मोठे पंप बसवले आणि आज त्या विहिरींवर टँकरच्या पाण्याने शिंपणं चालतं, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून या बाबतीत मी गिऱ्हाईकाच्या मर्जीने वागत नाही.

तुमच्या सासूबाईंनी सांगितलं की त्यांच्या वेळी इथे रहाट होता. बैल सावकाश फिरे, गाडगी भरून येत, पाटाने पाणी झाडांच्या आळ्यांत जाई. त्या संथ उपशात विहिरीला भरून यायला वेळ मिळत होता. अर्ध्या एचपीचा पंप सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास चालवा, पाणी टाकीत साठवा आणि ठिबकने द्या. ठिबकवर नारळाला उन्हाळ्यात रोज 30 ते 40 लिटर पुरतं. पाटाने देत राहिलात तर कुठलाच पंप पुरणार नाही.

प्लास्टरबद्दल थोडक्यात. खालचं दगडी बांधकाम मुद्दाम कोरडं, चुन्याशिवाय रचलेलं आहे. सांध्यांतूनच पाणी आत झिरपतं. ते बुजवलं तर येणारं पाणी अडेल आणि पावसाळ्यात बाहेरच्या पाण्याच्या दाबाने प्लास्टर फुगून सुटेल. वरचे चार फूट मात्र आम्ही सिमेंटने पक्के केले, कठडा उंचावला आणि भोवती बाहेरच्या उताराचा ओटा घातला, म्हणजे अंगणातलं पाणी थेट आत जाणार नाही. पिंपळाची मुळं उपटली नाहीत, कापून ठेवली, कारण ओढली असती तर त्यांच्याबरोबर दगडही आले असते.

आता त्या पहिल्या दिवसाबद्दल. याचं मला खरंच वाईट वाटलं. विहिरीवर कित्येक वर्षं स्लॅब होता आणि आत पालापाचोळा कुजत होता. अशा जागी कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, कधी हायड्रोजन सल्फाइडही असतो, आणि तो जास्त झाला की त्याचा वासही येईनासा होतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढंच सांगते, विषारी वायूचं काही सांगत नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेण साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, मग त्याला वाचवायला एकामागोमाग दुसरे, आणि पाच जणांचा जीव गेला. त्या पहिल्या दिवशी तुमच्याकडे आत ताजी हवा सोडणारा ब्लोअर चालू होता, वायूचा मीटर दोरीने खाली सोडून पुन्हा पुन्हा तपासत होतो, माणसाला दोरीने वर ओढून घ्यायची तिपाई आणि अंगाला बांधायचे पट्टे लावत होतो. माझी माणसं बसून नव्हती, ती थांबली होती. हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहिलेला आहे आणि तो मी कधीच कमी करणार नाही.

पिण्याचं म्हणाल, तर वाळूतल्या उघड्या उथळ विहिरीच्या आसपास घरांचे शोषखड्डे असतात आणि त्यांतलं सांडपाणी मुरून विहिरीत येऊ शकतं, म्हणून ते पिऊ नये. हे काम बागेसाठी ठरलं होतं आणि नळावर तशी पाटीही लावून दिली आहे. सुरुवातीचं पिवळट पाणी हा ढवळलेला बारीक गाळ होता. आठवडाभर रोजचा उपसा झाल्यावरही तो गेला नसेल, तर नक्की कळवा.

डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले आहेत, वरची जाळी काढू नका. मेअखेर मी स्वतः येऊन टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून देईन, त्याचे पैसे नाहीत. तोवर तुम्हीही दर पंधरवड्याला पंप बंद करायच्या आधीचं पाणी टीडीएसच्या मीटरने तपासा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. तो चढत गेला तर लगेच पंपाची वेळ निम्मी करा आणि मला फोन करा.