भाच्यासाठी देश निवडताना

ताईच्या घरात गेले दोन महिने एकच विषय चालू आहे. भाच्याला मेकॅनिकल इंजिनियरिंगनंतर एमएस करायचंय आणि देश ठरत नाहीये. दाजींचं म्हणणं, जर्मनी, कारण तिथे फी नाही. ताईचं म्हणणं, कॅनडा, कारण तिथे इंग्रजीवर भागतं आणि पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळतो. दोघंही मला वेगवेगळे फोन करतात. मी बारा वर्षं जर्मनीत आहे, त्यामुळे माझ्या एका वाक्याने पारडं झुकेल असं त्यांना वाटतं. ते वाक्य मी बरेच दिवस टाळत होतो.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरं आहे. पण त्यातला ‘बहुतेक’ हा शब्द दाजींच्या बोलण्यातून गळतो. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो लावले. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम पैसे काढता येत नाहीत अशा खात्यात, ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ आपल्या हातात येतात. पैसे आपलेच, पण ते आधी उभे करायचे असतात. कॅनडात फी वेगळी, आणि एका माणसाच्या राहण्या-खाण्यासाठी वर्षाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायचे. २०२३ संपेपर्यंत हाच आकडा १०,००० होता.

म्हणजे हिशेब केला तर दाजीच जिंकतात. तरीही मला त्यांचा हिशेब अपुरा वाटतो, कारण जर्मनीत आपण जे भरतो त्यातला मोठा भाग पैशांत नसतो. तो भाषेत असतो.

माझ्या पहिल्या जानेवारीत खोलीतला हीटर बंद पडला. घरमालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मी वाक्य कागदावर लिहिलं, चारदा मोठ्याने म्हटलं आणि फोन लावला. वाक्य नीट गेलं. मग त्यांनी उलट काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही. त्यांनी पुन्हा, सावकाश विचारलं. मी ‘डांके’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हणून फोन ठेवला आणि चार रात्री जॅकेट घालून झोपलो. पुढे कळलं, त्या एवढंच विचारत होत्या, की फक्त खोलीतला बंद आहे की बाथरूममधलाही?

माझा अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत होता. त्यामुळे जर्मन नंतर शिकू, असं मी चारही सेमिस्टर म्हणत राहिलो. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला जर्मनी अठरा महिने देते. त्यातले माझे चौदा गेले. मी अर्ज करत होतो त्या कंपन्या लहान गावांतल्या, मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या. तिथे ड्रॉइंगवरच्या टिपा जर्मनमध्ये, शॉपफ्लोअरवरचं बोलणं जर्मनमध्ये. बी-टू, म्हणजे जर्मनच्या सहा पातळ्यांपैकी चौथी, होईपर्यंत मला कुणीही दुसऱ्या फेरीला बोलावलं नाही. त्या चौदा महिन्यांचा घरभाडं-विम्याचा खर्च आणि न मिळालेला पगार यांची बेरीज मी कधीतरी केली होती. ‘फी नाही’ हे ऐकलं की मला ती बेरीज आठवते.

ताईची बाजू इथे भक्कम होते. कॅनडात उतरल्या दिवसापासून घरमालकाशी, डॉक्टरशी, दुकानदाराशी बोलता येतं, आणि मास्टर्स केलेल्याला तीन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट मिळू शकतं. अठरा महिन्यांच्या दुप्पट. पण ‘पीआर मिळतो’ हे वाक्य ती ज्या खात्रीने म्हणते, ती खात्री आता तिथल्या कुणाकडे नाही. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली. मार्च २०२५ मध्ये एक्सप्रेस एंट्रीतले, म्हणजे पीआरसाठी गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीतले, नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले. आणि २०२३ पासून त्यात फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात, ज्यांत गुण बरेच कमी लागतात. भाषा टाळायला म्हणून कॅनडा निवडावा, तर तिथेही दुसरी भाषा येणाराच पुढे सरकतो.

जर्मनीचे नियमही पक्के नाहीतच. जून २०२४ मध्ये नागरिकत्वासाठी पाच वर्षं, आणि विशेष पात्रता असेल तर तीन, असा कायदा आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन वर्षांची वाट बंद झाली. आज छापलेल्या नियमावर पाच वर्षांनंतरचं आयुष्य ठरवू नका, हे मी दोघांनाही कळकळीने सांगतो.

घरी कुणी विचारतच नाही, ते मला त्याहून महत्त्वाचं वाटतं: पोरगा एखाद्या सेमिस्टरला अडखळला तर? जर्मनीत बहुतेक ठिकाणी एका पेपरला मोजकेच प्रयत्न असतात, सहसा तीन. शेवटचा फसला तर नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम सहसा दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. पण फी नसलेल्या विद्यापीठात एखादं सेमिस्टर वाढलं तर खर्च मुख्यतः राहण्या-खाण्याचाच वाढतो. चारचे पाच-सहा सेमिस्टर होणं इथे नेहमीचं आहे. कॅनडात वाढलेल्या प्रत्येक टर्मची फी कर्जात भर घालते. ताई-दाजींनी घरावर कर्ज काढायची तयारी केलीय. त्या कर्जाचा भार एकविसाव्या वर्षी डोक्यावर घेऊन परीक्षेला बसणं काय असतं, ते मी इथल्या मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिलंय.

म्हणून माझं वाक्य शेवटी असं झालं: निघण्याआधी त्याचं बी-वन, म्हणजे बी-टूच्या एक पायरी खालचं जर्मन, होणार असेल तर जर्मनी, आणि त्याला भाषेत अजिबात रस नसेल तर कॅनडा, पण कर्ज झेपेल तेवढंच. जर्मन पदवी घेऊन दोन वर्षं आपल्या क्षेत्रात नोकरी केली, पेन्शनचे हप्ते भरले आणि बी-वन असलं की इथे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. म्हणजे ती भाषा पुढेही लागतेच.

दाजींना हे पटलं नाही, ताईला अर्धं पटलं. भाच्याने मात्र क्लास लावलाय. दर रविवारी तो फोन करतो आणि आम्ही पंधरा मिनिटं फक्त जर्मन बोलतो. गेल्या रविवारी मी घरमालकीण झालो. त्याने हीटर बंद असल्याचं व्यवस्थित सांगितलं. मी विचारलं, बाथरूममधलाही का? तो गप्प झाला. मी तेच सावकाश विचारायला लागलो, तर म्हणाला, “मामा, सावकाश नको. त्या बाई विचारतील तसंच विचार.”